शल्यचिकित्सकाचा शस्त्रक्रियेतील वेळ : जागतिक तफावत आणि तिची कारणे

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाच्या कामाचे मोजमाप करताना आपण दोन आकडे नेहमी वेगळे ठेवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार आठवड्याचा कार्यभार किमान ४० तासांचा आणि त्यांपैकी सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन १६ तासांचे. उरलेल्या २४ तासांत काय घडते हे अध्यापकाला चांगले ठाऊक असते. बाहेरच्या माणसाला मात्र १६ तासच दिसतात आणि त्यावरून तो आपली मते बनवितो. शल्यचिकित्सकाच्या बाबतीत नेमका उलटा गैरसमज आढळतो. शल्यचिकित्सक म्हणजे दिवसभर शस्त्रक्रिया करणारा मनुष्य, असे चित्र सर्वसामान्यांच्या मनात असते. वस्तुतः जगातील बहुसंख्य शल्यचिकित्सकांच्या आठवड्याचा लहानसा भागच शस्त्रक्रियेच्या टेबलाशी जातो. हा भाग देशागणिक, रुग्णालयागणिक व व्यवस्थेगणिक कमालीचा बदलतो.

ही तफावत का निर्माण होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न वैद्यकशास्त्राचा वाटला तरी त्याचे उत्तर बऱ्याच अंशी अर्थशास्त्र, लोकप्रशासन आणि समाजशास्त्र यांच्या कक्षेत येते. म्हणूनच बहुविद्याशाखीय वाचकांसमोर तो मांडणे उचित वाटते. शल्यचिकित्सकाचा वेळ त्याच्या हाताच्या वेगावर किंवा कष्टाळूपणावर फारसा अवलंबून नसतो; तो हात ज्या व्यवस्थेत काम करतो तीवर अवलंबून असतो. ही गोष्ट लक्षात न घेतल्यास केवळ पदे भरून शस्त्रक्रिया वाढतील असा भ्रम निर्माण होतो आणि त्याची किंमत अडलेल्या बाळंतिणीला किंवा आतडे पिळवटलेल्या रुग्णाला मोजावी लागते.

‘शस्त्रक्रियेचा वेळ’ म्हणजे कोणता वेळ ?

या विषयावरील चर्चेत बराच गोंधळ संज्ञेमुळे होतो. ‘शस्त्रक्रियेचा वेळ’ या शब्दप्रयोगाने किमान तीन भिन्न गोष्टी दर्शविल्या जातात. पहिली म्हणजे त्वचेवर छेद घेतल्यापासून शेवटचा टाका घालेपर्यंतचा काळ. दुसरी म्हणजे रुग्ण शस्त्रक्रियागृहाच्या दारातून आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंतचा काळ. यात भूल देणे, रुग्णाला योग्य स्थितीत झोपविणे, भूल उतरविणे हे सारे येते. तिसरी म्हणजे शल्यचिकित्सकाच्या एकूण कामाच्या तासांपैकी शस्त्रक्रियेसाठी खर्च होणारा हिस्सा. पहिला काळ कौशल्याशी निगडित आहे, दुसरा संघाशी आणि तिसरा व्यवस्थेशी. देशादेशांतील खरी दरी तिसऱ्या अर्थाने पडलेली आहे. तिचे स्पष्टीकरण मात्र पुष्कळदा पहिल्या अर्थाने दिले जाते, आणि तेथेच विवेचन घसरते.

पहिल्या अर्थाच्या वेळेला एके काळी विलक्षण महत्त्व होते, हे खरे. भूल देण्याचे तंत्र अवगत होण्यापूर्वी शल्यचिकित्सकाचा लौकिक त्याच्या वेगावर ठरत असे. लंडनचे रॉबर्ट लिस्टन हे मांडीतून पाय कापण्याची शस्त्रक्रिया दोन-तीन मिनिटांत उरकीत, कारण शुद्धीवर असलेल्या रुग्णाला त्याहून अधिक काळ धरून ठेवणे अशक्य होते. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला खुद्द लिस्टन यांनी लंडनमध्ये ईथरखाली शस्त्रक्रिया केली. त्या दिवसापासून शल्यचिकित्सकाला वेळ मिळाला. पोट उघडणे, आतडे सावकाश जोडणे, पुढे हृदयावर व मेंदूवर काम करणे शक्य झाले ते या मिळालेल्या वेळामुळे. तथापि त्याच क्षणी तो परावलंबीही झाला. भूल देणारा उपस्थित नसेल तर जगातील कितीही कुशल हात असला तरी त्याचा उपयोग मर्यादितच. या परावलंबनाकडे आपल्याला पुन्हा वळावे लागणार आहे.

आज अधिक वेगाने केलेली शस्त्रक्रिया अधिक चांगली, असे समजण्यास आधार नाही. स्वीडनमधील पित्ताशय शस्त्रक्रियांच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारित, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीड लाखाहून अधिक रुग्णांची माहिती तपासण्यात आली. स्त्री शल्यचिकित्सकांना पुरुष सहकाऱ्यांपेक्षा शस्त्रक्रियेस अधिक वेळ लागत होता, आणि त्यांच्या रुग्णांमध्ये गुंतागुंती कमी आढळल्या. कारणमीमांसेबद्दल मतभेद असू शकतात. पण टाके घालण्याच्या वेगाने शल्यचिकित्सकाची उत्पादकता मोजू नये, एवढे यावरून म्हणता येते.

एक साधे गणित

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या जागतिक शल्यचिकित्सा आयोगाचा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार जगात वर्षाला सुमारे ३१ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया होतात. त्यांपैकी केवळ ६ टक्के शस्त्रक्रिया सर्वांत गरीब देशांत होतात, जेथे जगाची एक-तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या राहते. सुमारे ५०० कोटी लोकांना सुरक्षित व परवडणारी शल्यसेवा वेळेवर उपलब्ध नाही आणि किमान गरजा भागविण्यासाठी दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रियांची आवश्यकता आहे.

त्याच सुमारास झालेल्या मनुष्यबळाच्या गणनेत जगात सुमारे ११ लाख १० हजार विशेषज्ञ शल्यचिकित्सक, ४ लाख ८० हजार प्रसूतितज्ज्ञ आणि ५ लाख ५० हजार भूलतज्ज्ञ आढळले. जगातील ४८ टक्के लोकसंख्या असलेल्या निम्न व निम्न-मध्यम उत्पन्न गटांतील देशांच्या वाट्याला यांपैकी अवघे २० टक्के मनुष्यबळ येते. शल्यचिकित्सकांपेक्षा भूलतज्ज्ञांची विभागणी अधिक विषम आहे : शल्यचिकित्सकांपैकी १९ टक्के या देशांत आहेत, भूलतज्ज्ञांपैकी १५ टक्केच.

आता या दोन आकडेवाऱ्या एकत्र ठेवून पाहू. शल्यचिकित्सक व प्रसूतितज्ज्ञ मिळून सुमारे १६ लाख होतात. ३१ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया त्यांच्यात समान वाटल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला सुमारे १९६, म्हणजे आठवड्याला चारपेक्षाही कमी शस्त्रक्रिया येतात. हे गणित ढोबळ आहे. अनेक शस्त्रक्रिया विशेषज्ञ नसलेले डॉक्टर व तंत्रज्ञ करतात, त्या वगळल्यास हा आकडा आणखी खाली येईल. आणि आठ तास चालणारी यकृताची शस्त्रक्रिया व दहा मिनिटांत होणारी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया येथे सारख्याच मोजल्या गेल्या आहेत. तरीही जगभर शस्त्रक्रियांचा एवढा तुटवडा असताना सरासरी शल्यचिकित्सक आठवड्याला चारदेखील शस्त्रक्रिया करीत नसेल, तर तुटवडा नेमका कशाचा आहे, हा प्रश्न टाळता येत नाही.

सर्वांत मोठी गरज, रिकामे हात

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या देशातून मिळते. तेथे २०१२ या वर्षात झालेल्या सर्व शस्त्रक्रियांची देशव्यापी गणना करण्यात आली. एकूण संख्या भरली २४,१५२. म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४००. लॅन्सेट आयोगाने सुचविलेले उद्दिष्ट दर लाखामागे ५,००० शस्त्रक्रियांचे आहे. संशोधकांच्या अंदाजानुसार देशातील ९० टक्क्यांहून अधिक शल्यगरज अपूर्ण राहिली होती.

अशा देशात शस्त्रक्रिया करणाऱ्यांना श्वास घ्यायलाही उसंत नसेल, अशी आपली कल्पना होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात शस्त्रक्रिया करणाऱ्यांची देशभरातील पूर्णवेळ पदे १६४ भरली आणि प्रत्येकी सरासरी कामगिरी आठवड्याला २.८ शस्त्रक्रिया इतकीच आढळली. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२.८ टक्के शस्त्रक्रिया विशेषज्ञ नसलेल्यांनी केल्या होत्या. याच अभ्यासात आणखी एक महत्त्वाची बाब पुढे आली. केवळ नेत्रशस्त्रक्रिया करणारी चार केंद्रे वगळता, ज्या रुग्णालयात एकूण शस्त्रक्रिया अधिक होत्या, तेथील प्रत्येक शस्त्रक्रियाकाराची वैयक्तिक कामगिरीही अधिक होती. संस्था चालती असेल तर हातही चालतात, असे या सहसंबंधावरून म्हणावयास हरकत नाही.

ज्या देशात गरज सर्वाधिक, तेथेच शल्यचिकित्सकाचा शस्त्रक्रियेतील वेळ अल्प का? कारणांची साखळी लांब आहे. तिची कोणतीही एक कडी निखळली तरी टेबल रिकामे राहते. भूल देणारा एकच असतो आणि तो रजेवर जातो. वीज जाते, जनरेटरला डिझेल नसते. प्राणवायूचा सिलिंडर संपतो. साधनांचा एकच संच असतो आणि तो ऑटोक्लेव्हमधून बाहेर येईपर्यंत दुसरी शस्त्रक्रिया सुरू करता येत नाही. रक्तपेढी नसल्याने नातेवाइकांतून दाता शोधावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला ठेवण्यास खाट नसते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार श्रीमंत प्रदेशांत दर लाख लोकसंख्येमागे १४ हून अधिक शस्त्रक्रियागृहे होती, तर सुमारे २२० कोटी लोक राहत असलेल्या गरीब प्रदेशांत दोनपेक्षाही कमी. जी होती त्यांपैकीही अनेकांत भुलेखालील रुग्णाच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखविणारा पल्स ऑक्सिमीटर नव्हता. जगभरात अशा शस्त्रक्रियागृहांची संख्या ७७ हजारांच्या घरात होती. कोविड साथीच्या काळात आपल्याकडे घरोघरी पोहोचलेले, बोटाला लावावयाचे चिमटेवजा साधन त्याच तत्त्वावर चालते.

याखेरीज रुग्णाच्या खिशाचा प्रश्न आहेच. लॅन्सेट आयोगाच्या अंदाजानुसार शस्त्रक्रिया व भूल यांच्या खर्चामुळे दरवर्षी ३ कोटी ३० लाख लोक आर्थिकदृष्ट्या कोलमडतात. जे या भीतीने रुग्णालयात येतच नाहीत ते या आकड्यात नाहीत. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर गरज अफाट असली तरी प्रभावी मागणी तोकडी असते आणि शल्यचिकित्सक रुग्णाची वाट पाहत बसतो.

श्रीमंत देशांत वेळ कोठे जातो ?

यावरून संपन्न देशांतील शल्यचिकित्सक सारा वेळ शस्त्रक्रियागृहात असतो, असा निष्कर्ष काढता येणार नाही. इंग्लंडमधील राष्ट्रीय आरोग्य सेवेत २००३ पासून लागू झालेल्या करारानुसार पूर्णवेळ वरिष्ठ डॉक्टरचा आठवडा प्रत्येकी चार तासांच्या दहा सत्रांत विभागलेला असतो. सर्वसाधारणपणे त्यांतील साडेसात सत्रे थेट रुग्णसेवेसाठी आणि अडीच सत्रे अध्यापन, संशोधन, गुणवत्ता-परीक्षण यांसाठी राखलेली असतात. थेट रुग्णसेवेच्या साडेसात सत्रांत बाह्यरुग्ण विभाग, वॉर्डातील फेरी, तातडीचे रुग्ण, पत्रव्यवहार हे सारे बसवावयाचे. शस्त्रक्रियेसाठी त्यांतून साधारणतः दोन-तीन सत्रे उरतात.

या सत्रांतही गळती होतेच. २०१७ मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने सुमारे शंभर रुग्णालय-संस्थांची माहिती तपासली तेव्हा उशिरा सुरू होणारी आणि वेळेआधी संपणारी सत्रे, दोन शस्त्रक्रियांमधील रेंगाळ यांमुळे दिवसाकाठी सरासरी दोन तास वाया जात असल्याचे आढळले. नियोजन सुधारल्यास वर्षाला सुमारे २ लाख ८० हजार अधिक शस्त्रक्रिया होऊ शकतील, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. सकाळची पहिली शस्त्रक्रिया खोळंबण्याचे एक नेहमीचे कारण मोठे गमतीचे आहे : रुग्ण तयार असतो, शल्यचिकित्सक हजर असतो, पण शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला देण्यासाठी वॉर्डातील खाट रिकामी झाली की नाही हे कोणालाच ठाऊक नसते. सिएरा लिओनमध्ये खाट नसते, इंग्लंडमध्ये खाटेची खबर नसते. टेबल दोन्हीकडे थांबते.

अमेरिकेत शल्यचिकित्सकाला रुग्णालयाकडून ठरावीक दिवशी शस्त्रक्रियागृहाचा ठरावीक काळ राखून दिला जातो. तो पुरेसा वापरला नाही तर काढून घेतला जातो. शस्त्रक्रियेनुसार मोबदला मिळण्याच्या पद्धतीमुळे तेथे टेबलाशी असण्याचे आर्थिक आकर्षण मोठे आहे. उलट, विमा व संगणकीय नोंदी यांचे ओझेही तेथेच सर्वांत जड आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात अस्थिशल्यचिकित्सकांसह चार शाखांच्या डॉक्टरांचा बाह्यरुग्ण विभागातील वेळ घड्याळ लावून मोजण्यात आला. रुग्णासमोरील प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणकीय नोंदी व टेबलावरच्या कामात जात होते. जपानमध्ये तर शल्यचिकित्सकाने दुर्बिणीद्वारे तपासणी करणे, कर्करोगाची औषधे देणे अशी अन्यत्र इतर शाखांकडे असलेली कामेही करण्याची परंपरा आहे.

कामाच्या तासांवरील कायदेशीर मर्यादांनीही ही तफावत वाढविली आहे. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात अठरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला आणि थकलेल्या निवासी डॉक्टरांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये आणि देशव्यापी नियामक संस्थेने २००३ मध्ये प्रशिक्षणार्थींसाठी आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा घातली. युरोपीय संघाच्या निर्देशानुसार ब्रिटनमध्ये २००९ पासून ती ४८ तासांवर आली. म्हणजे शल्यशास्त्राचे धडे गिरविणारा तरुण बोस्टनला ८० तास आणि लंडनला ४८ तास काम करणार! जपानने एप्रिल २०२४ पासून डॉक्टरांच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची सर्वसाधारण मर्यादा आणली. काही ठरावीक रुग्णालयांत ती १,८६० तासांपर्यंत जाते.

थकलेल्या हाताने सुरी धरू नये याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न प्रशिक्षणाचा आहे. ब्रिटनमध्ये शल्यचिकित्सक घडविण्यास पूर्वी सुमारे ३० हजार तास मिळत, ते ८ हजारांपर्यंत घसरल्याची तक्रार २००४ मध्येच तेथील वैद्यकीय नियतकालिकात मांडली गेली होती. हाताला सवय तासांनीच लागते. तेव्हा कमी केलेले तास वॉर्डातील कारकुनी कामातून कमी झाले की शस्त्रक्रियेतून, हा खरा मुद्दा होय. आणि अनेक ठिकाणी ते शस्त्रक्रियेतूनच कमी झाले, असे शिकणाऱ्यांचे म्हणणे आहे.

वेळ निर्माण करणाऱ्या व्यवस्था

शल्यचिकित्सकाचा टेबलाजवळील वेळ जाणीवपूर्वक वाढविण्याचे जे प्रयोग झाले, त्यांतील तीन येथे पाहणे उद्बोधक ठरेल.

कॅनडातील टोरांटोजवळचे शोल्डिस रुग्णालय १९४५ मध्ये सुरू झाले. तेथे हर्निया, म्हणजेच अंतर्गळ, याखेरीज दुसरी शस्त्रक्रिया होत नाही. येथील शल्यचिकित्सक वर्षाला ६०० ते ८०० अंतर्गळ शस्त्रक्रिया करतो. इतरत्र काम करणारे बहुतेक सर्वसाधारण शल्यचिकित्सक आयुष्यभरातही इतक्या करीत नसतील. इतरत्र दीड तास घेणारी शस्त्रक्रिया येथे पाऊण तासात होते आणि अंतर्गळ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास राहते. या रुग्णालयाचे वर्णन ज्यांच्या लेखनामुळे सर्वदूर पोहोचले ते बोस्टनचे शल्यचिकित्सक अतुल गावंडे. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळच्या उटी गावचे, हे मराठी वाचकांस जाता जाता सांगावयास हवे.

दुसरा प्रयोग मॉस्कोचा. १९८० च्या दशकात स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी आपल्या नेत्रसंस्थेत कारखान्यातील सरकत्या पट्ट्याचे तत्त्व आणले. रुग्ण सरकत्या टेबलांवर झोपलेले, टेबल एका शल्यचिकित्सकाकडून दुसऱ्याकडे जाणार आणि प्रत्येकजण शस्त्रक्रियेचा एकच टप्पा करणार. त्याची छायाचित्रे जगभर गाजली, पण हे प्रारूप फारसे कोणी उचलले नाही.

तिसरा प्रयोग मदुराईचा आणि तो सर्वांत विस्ताराने पाहण्याजोगा आहे. डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी यांनी सरकारी सेवेतून वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झालेली होती. तरीही त्यांनी स्वतः एक लाखाहून अधिक नेत्रशस्त्रक्रिया केल्या. अरविंदचा शल्यचिकित्सक वर्षाला २,००० वा त्याहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया करतो. देशातील सरासरी नेत्रशल्यचिकित्सकाची संख्या सुमारे ४०० सांगितली जाते. हे पाचपट अंतर बोटांच्या वेगाने पडलेले नाही.

अरविंदमध्ये एका शल्यचिकित्सकासाठी दोन टेबले शेजारी-शेजारी मांडलेली असतात. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण संपूर्ण तयार होतो. पहिल्या डोळ्याचे काम संपले की सूक्ष्मदर्शक दुसऱ्या टेबलावर वळतो. रुग्णाची दृष्टी तपासणे, भिंगाची शक्ती मोजणे, भूल देणे, साधने हातात देणे, पट्टी बांधणे, समजूत घालणे ही सर्व कामे नेत्रसहायक करतात. या प्रामुख्याने तमिळनाडूच्या खेड्यांतून निवडलेल्या मुली असून त्यांना संस्थेतच दोन वर्षांचे प्रशिक्षण दिले जाते. कृत्रिम भिंग महाग पडते म्हणून संस्थेने १९९२ मध्ये त्याचे उत्पादन सुरू केले. निम्म्याहून अधिक शस्त्रक्रिया मोफत किंवा अल्प दरात होतात.

मॉस्को व मदुराई यांतील फरक येथे स्पष्ट होतो. फ्योदोरोव्ह यांनी शस्त्रक्रियेचेच तुकडे केले. व्यंकटस्वामी यांनी शस्त्रक्रिया एका हातात अखंड ठेवली आणि तिच्या भोवतीची कामे त्या हातातून काढून घेतली. माझ्या मते दुसरा मार्ग टिकला याचे कारण हेच. रुग्णाची जबाबदारी विभागली गेली नाही, विभागले गेले ते शल्यचिकित्सकाचे ओझे.

वेग आहे, व्यवस्था नाही

या यशोगाथेची दुसरी बाजू न मांडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ बंद पडलेल्या एका खाजगी रुग्णालयाच्या इमारतीत कुटुंबनियोजनाचे शिबिर भरविण्यात आले. एका शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ स्त्रियांवर नसबंदीची शस्त्रक्रिया केली. शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका दिवसात ३० ची मर्यादा होती. पुढील काही दिवसांत तेरा स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. मृत्यू दूषित औषधांमुळे झाले की जंतुसंसर्गामुळे, यावर नंतर वाद झाला. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

प्रत्येक रुग्णामागची मिनिटे मोजली तर मदुराई आणि बिलासपूर यांत फार अंतर दिसणार नाही. मदुराईत मात्र प्रत्येक शस्त्रक्रियेच्या मागे-पुढे इतरांच्या श्रमाचे कित्येक तास उभे असतात. प्रत्येक रुग्णासाठी निर्जंतुक साधने असतात, गुंतागुंतीची नोंद होते आणि तिच्यावर चर्चा होते. बिलासपूरला या तासांच्या जागी होते लक्ष्यांक. शल्यचिकित्सकाचा वेळ वाचविणे आणि रुग्णाचा वेळ कापणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या आरोग्य प्रशासनाने त्यांची गल्लत वारंवार केली आहे, हे खेदाने नमूद करावे लागते.

हात कोणाचा ?

मोझांबिकने या प्रश्नाला वेगळ्याच दिशेने हात घातला. स्वातंत्र्यानंतर पोर्तुगीज डॉक्टर निघून गेले आणि देश यादवीत होरपळत होता. अशा वेळी, १९८४ मध्ये, वैद्यकीय पदवी नसलेल्या अनुभवी आरोग्य कर्मचाऱ्यांना तीन वर्षांचे शल्यप्रशिक्षण देण्यास तेथे सुरुवात झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जिल्हा रुग्णालयांतील सिझेरियन व अन्य मोठ्या प्रसूतिविषयक शस्त्रक्रियांपैकी ९२ टक्के हे शल्यतंत्रज्ञ करीत होते. सात वर्षांनंतरही त्यांच्यापैकी ८८ टक्के जिल्हा रुग्णालयांतच कार्यरत होते. त्याच रुग्णालयांत नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. विशेषज्ञांच्या संघटनांना असे प्रयोग रुचत नाहीत आणि त्यांच्या काही शंका रास्तही आहेत. परंतु आठवड्याचे किती तास कोण टेबलाशी उभा राहतो, हा प्रश्न जो तेथे राहतो त्याच्याच संदर्भात विचारता येतो.

आपल्याकडील स्थिती

भारतात सामुदायिक आरोग्य केंद्र हा ग्रामीण शल्यसेवेचा पहिला टप्पा. मैदानी प्रदेशात १ लाख २० हजार आणि आदिवासी-डोंगराळ प्रदेशात ८० हजार लोकसंख्येमागे ३० खाटांचे एक केंद्र, असा निकष आहे. महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालये याच पातळीवर काम करतात. केंद्र शासनाच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार या केंद्रांत गरजेच्या तुलनेत शल्यचिकित्सकांची ८३.२ टक्के तूट होती. हा आकडा वृत्तपत्रांत ठळकपणे येतो आणि पदे भरण्याची मागणी होते. मागणी योग्य आहे, अपुरी आहे. भूलतज्ज्ञाविना नेमलेला शल्यचिकित्सक गळू फोडणे, जखमा शिवणे यांपलीकडे जाऊ शकत नाही आणि दोन वर्षांत तो शहराची वाट धरतो. ही अडचण ओळखूनच एम.बी.बी.एस. डॉक्टरांना १८ आठवड्यांचे जीवरक्षक भूलकौशल्याचे प्रशिक्षण देण्याची योजना राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात राबविली गेली. शल्यचिकित्सक व प्रसूतितज्ज्ञ यांच्या वेळेचे कुलूप उघडणारी किल्ली त्यांच्या हातात नसून भूल देणाऱ्याच्या हातात आहे, हे या योजनेने निदान कागदावर मान्य केले.

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांचे कार्य या संदर्भात उल्लेखनीय आहे. अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेत लावावयाची आयात केलेली जाळी ग्रामीण रुग्णाला परवडत नाही आणि शस्त्रक्रिया लांबणीवर पडते, हे पाहून त्यांनी मच्छरदाणीच्या कापडाचा निर्जंतुक केलेला तुकडा वापरण्यास प्रारंभ केला आणि आपले निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. मच्छरदाणीच्या जाळीचा हा मार्ग पुढे इतर देशांतही तपासला गेला. युगांडातील ३०२ पुरुष रुग्णांवर करण्यात आलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत स्वस्त जाळी व व्यापारी जाळी यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. काही रुपयांच्या कापडाने ग्रामीण शल्यचिकित्सकाला टेबलाशी उभे राहण्याचे कारण मिळवून दिले.

संशोधनास वाव

या विषयाचा अभ्यास वैद्यकीय महाविद्यालयांपुरता मर्यादित राहण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियागृहाची नोंदवही हा अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि लोकप्रशासन यांच्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्राथमिक स्रोत आहे. तीत रुग्णाचे नाव झाकून चार वेळा टिपता येतील : रुग्ण आत आला ती, भूल सुरू झाली ती, छेद घेतला ती आणि रुग्ण बाहेर गेला ती. पाचवा रकाना बहुधा नव्याने आखावा लागेल, कारण नोंदवहीत पार पडलेल्या शस्त्रक्रियांची नोंद होते. ठरलेली शस्त्रक्रिया त्या दिवशी झाली नाही, तर ती कोणत्या कारणाने राहिली, भूलतज्ज्ञ, वीज, रक्त, संच, खाट की पैसा, हे त्या रकान्यात लिहावे लागेल. तालुक्याच्या एका ग्रामीण रुग्णालयात सहा महिने असा रकाना भरला गेला, तर त्या तालुक्यात पुढचा खर्च शल्यचिकित्सकाच्या पदावर करावयाचा की जनरेटरवर, हे ठरविण्यास पुरेशी माहिती हाती येईल.